तिकीटघरातला ऑस्कर

२५ एप्रिल २०२१. लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात गाड्या येत-जात होत्या आणि त्याच इमारतीच्या जुन्या तिकीट दालनात ९३वा ऑस्कर सोहळा रंगला होता. एरवी हा सोहळा होतो तीन हजारांहून जास्त खुर्च्यांच्या डॉल्बी थिएटरात. ते थिएटर वास्तुरचनाकार आणि नेपथ्यकार डेव्हिड रॉकवेल यांच्या कंपनीने घडवलेलं. गंमत म्हणजे, ते बाजूला ठेवून स्टेशनात मांडामांड करायचं कामही त्यांच्याकडेच आलं.

कोविडच्या साथीमुळे एका वेळी आत साधारण १७० माणसं, एवढीच मुभा. रॉकवेल यांनी खुर्च्यांच्या रांगांना फाटा दिला. त्याऐवजी पायऱ्यांसारखे चढत जाणारे सोफे, समोर लहान टेबलं आणि त्यांवर दिवे. १९२९ साली पहिला सोहळा एका हॉटेलात, जेवणाच्या टेबलांभोवती झाला होता. त्या थाटाची ही आठवण. टीव्हीवर पाहताना दालन रिकामं वाटत नव्हतं. दोन माणसांमधलं अंतर सक्तीचं आहे हे प्रेक्षकाला जाणवू न देणं, हीच खरी करामत.

लाकूड, कापड, रंग आणि उजेड हे नेपथ्यकाराचं नेहमीचं सामान. त्या वर्षी त्यात हवेची भर पडली.

आपण बोलतो तेव्हा तोंडातून निरनिराळ्या आकाराचे थेंब उडतात. साधारण १०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे थेंब काही सेकंदांत खाली बसतात. त्यांना अंतर पुरतं. काही मायक्रॉनचे कण मात्र तासन्‌तास तरंगतात आणि सगळ्या खोलीत पसरतात. त्यांच्यापुढे टेबलांमधलं अंतर कितीसं पुरणार? इथे उंच छत मदतीला येतं, पण आपल्याला वाटतं तसं नाही. मोठी टाकी भरायला वेळ लागतो, तसं मोठ्या दालनात कण साठायला वेळ लागतो, एवढंच. अखेर त्यांचं प्रमाण कुठे स्थिरावेल हे छताच्या उंचीवर नाही, तर दर तासाला किती ताजी हवा आत येते त्यावर ठरतं. उंच छत सुटका करत नाही, सवड देते. म्हणून पाहुण्यांना आळीपाळीने आत आणायचं आणि बाकीच्यांना अंगणात ठेवायचं, ही योजना मला छतापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

पण जे छत हवेला मानवतं, ते आवाजाला मानवत नाही. वॉलेस सबीन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने शोधलेला हिशेब सोपा आहे: दालनाचं घनफळ, भागिले आतल्या सगळ्या पृष्ठभागांचं ध्वनिशोषण, गुणिले ०.१६, उत्तर येतं ते आवाज विरायला लागणाऱ्या सेकंदांचं. समजा, १०,००० घनमीटरचं दालन आहे आणि शोषण १,६०० चौरस मीटर, म्हणजे सगळा आवाज गिळून टाकणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं. आवाज एका सेकंदात विरेल, भाषण स्वच्छ ऐकू येईल. आता माणूस हाच उत्तम शोषक! कपडे घातलेला एक माणूस ढोबळमानाने अर्धा चौरस मीटर शोषण देतो. हजार माणसं कमी केली की ५०० चौरस मीटर गेले, आणि तोच आवाज जवळजवळ दीड सेकंद घुमत राहतो. शब्दावर शब्द चढतो. म्हणून गादीचे सोफे आणि जाड कापड नुसत्या शोभेचं नसतं. न आलेल्या माणसांचं काम ते करतं.

१९३९ साली उघडलेल्या या स्टेशनाच्या वास्तुरचनाकारांनाही हा प्रश्न पडला होता. भिंतींचा खालचा भाग गुळगुळीत दगडाचा, पण वरच्या भागाला त्यांनी आवाज शोषणाऱ्या फरशा लावल्या. तेव्हा हेतू गाड्यांच्या घोषणा आणि प्रवाशांचा गलका आवरण्याचा असणार. ८२ वर्षांनी त्यांचाच उपयोग आभाराच्या भाषणांना झाला असेल.

मुखपट्टीचा तोडगा सरळ सिनेमाच्या सेटवरून उचलला: कॅमेरा चालू तर पट्टी काढायची, जाहिराती लागल्या की चढवायची.

गाण्यांना मात्र दालनात थाराच नव्हता. मोठ्याने गाणारा माणूस साध्या बोलण्याच्या कितीतरी पट कण हवेत सोडतो, आणि घुमणाऱ्या दालनात सूरही गढूळ होतात. नामांकन मिळालेल्या पाच गाण्यांपैकी चार आधीच ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाच्या गच्चीवर चित्रित झाली, पाचवं आइसलँडमधल्या हुसाविक गावात.