स्मृतिभ्रंश : साहाय्यक तंत्रज्ञानाची रचना

स्मृतिभ्रंश किंवा डिमेंशिया झालेल्या व्यक्तीला रोजचे व्यवहार शक्य तितके दिवस स्वतःच्या हाताने करता यावेत आणि तिचे करणाऱ्यांवरचा भार हलका व्हावा, यासाठी साधने आणि राहती जागा घडवण्याचे क्षेत्र. आपोआप बंद होणारा गॅसचा कॉक, वार आणि प्रहर दाखवणारे घड्याळ, गळ्यातला क्यूआर कोड, ठावठिकाणा कळवणारा पट्टा, एकाच बटणाचा रेडिओ अशी साधी-अवघड सगळी साधने त्यात येतात. प्रस्तुत नोंदीत या क्षेत्राचा विचार मुख्यतः मुंबईच्या संदर्भात केला आहे.

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नसून मेंदूच्या अनेक विकारांत दिसणारा लक्षणसमूह आहे. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमर विकार जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे आढळले. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक आहे. आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. त्यामुळे घरातली जागा, वस्तू आणि माणसे यांची मांडणी हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो.

रचनेचा पाया स्मृतीच्या स्वरूपात आहे. अल्झायमरमध्ये नुकत्याच घडलेल्या गोष्टी आधी पुसल्या जातात. वर्षानुवर्षांच्या सवयीने हातात बसलेली कामे बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. नवे काही शिकायला लावणारे साधन म्हणूनच बहुधा पडून राहते. चाळीस वर्षे गॅसवर स्वयंपाक केलेल्या बाईंसमोर सुरक्षित म्हणून इंडक्शनची शेगडी ठेवली, तर ज्योत दिसत नसल्याने ती शेगडी आहे हेच त्यांना पटत नाही. त्यापेक्षा जुनी शेगडी आणि जुना कॉक तसाच ठेवून मागच्या नळीवर ठरावीक वेळाने गॅस तोडणारा व्हॉल्व्ह बसवणे शहाणपणाचे. पाइप गॅस असलेल्या घरात हे काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे लागते. आवाजी मदतनिसांची अडचणही अशीच आहे. गूगलचा मदतनीस २०१८ पासून मराठी बोलतो, पण त्याला बोलते करायचे तर हाक कशी मारायची हे लक्षात ठेवावे लागते. ज्याच्यासाठी साधन केले त्याच्याकडून नेमकी हीच अपेक्षा ठेवणे विचित्रच म्हणायचे.

आठवण करून देणाऱ्या साधनांतही हा घोळ होतो. गोळ्यांच्या डबीची घंटी वाजते, पण ती कशासाठी वाजते हे आठवत नाही, आणि मग फोन आला समजून आजोबा फोन उचलतात. घंटीपेक्षा वाक्य बरे : ‘आई, जेवण झालं, आता पांढरी गोळी घ्या.’ ते सुनेच्या किंवा मुलाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले तर विश्वास बसतो. मात्र काही जण बोलणाऱ्याला घरभर शोधू लागतात, तेव्हा आधी करून पाहणे आवश्यक. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात अ‍ॅलेक्स मिहाइलिडिस यांच्या गटाने हात धुण्याच्या कामासाठी अशी प्रणाली केली. कॅमेरा कामाच्या प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवतो आणि माणूस अडला तरच पुढची सूचना देतो. अडल्यावरच बोलायचे, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

विजेशिवायचे तंत्रज्ञान बरेचदा दुर्लक्षिले जाते. स्मृतिभ्रंशात रंगांतला फरक आणि खोली ओळखण्याची क्षमता कमी होत जाते : चकचकीत लादी ओली भासते, काळे पायपुसणे खड्डा वाटते, पांढऱ्या टाइल्समधला पांढरा कमोड दिसतच नाही. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पांढऱ्याऐवजी गडद लाल भांडी दिल्यावर प्रगत अल्झायमर असलेल्या रुग्णांचे खाणे सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणे ८४ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे चमकणाऱ्या स्टीलच्या ताटात दहीभात वाढला जातो आणि मग ‘बाबा जेवत नाहीत’ अशी तक्रार होते. रंगीत ताट शंभर-दोनशे रुपयांत मिळते.

भटकणे : घराबाहेर पडणारा माणूस सहसा विनाकारण पडत नाही. त्याला कामावर जायचे असते, मुलीला शाळेतून आणायचे असते, नाहीतर ‘आपल्या घरी’ जायचे असते. ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्यांत घराभोवती एक काल्पनिक सीमा आखतात. ती ओलांडली की नातेवाइकाच्या फोनवर सूचना जाते. मुंबईत ही कल्पना फार लवकर तोकडी पडते. नोकरीभर लोकल पकडलेल्या माणसाचे पाय स्टेशनाकडेच वळतात, आणि एकदा गाडीत चढला की घरच्यांनी धावाधाव करेपर्यंत तो विरार, कसारा किंवा पनवेलला पोचलेला असू शकतो. उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि नकाशावरचा ठिपका भलत्याच गल्लीत दिसतो. शिवाय पट्टा रोज चार्ज करायचा असतो, आणि घामाने खाज सुटली की तो काढून उशीखाली जातो. म्हणून सीमेपेक्षा सवयीच्या वाटा नोंदवणारे आणि स्टेशन जवळ येताच आधी कळवणारे साधन इथे अधिक उपयोगी पडेल.

क्यूआर कोडाचे लॉकेट हा याला स्वस्त आणि चार्जिंग न लागणारा जोड उपाय. सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीतून हरवलेला, बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा कुलाब्यात सापडला आणि गळ्यातल्या अशाच कोडामुळे त्याच दिवशी घरी पोचला. हे साधन अनोळखी माणसाच्या मदतीवर चालते, आणि मुंबईच्या गर्दीत अशी मदत मिळते. कोडामागे पूर्ण पत्ता आणि आजारांची यादी उघडी ठेवू नये. दोन फोन क्रमांक पुरेत. माणूस हरवल्यास ११२ वर कळवावे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय एल्डरलाइन १४५६७ मार्गदर्शन करते.

चाळ आणि टॉवर : चाळीची गॅलरी ही न आखलेली देखरेख-व्यवस्था होती. दार उघडे, समोर शेजारीण, जिन्यात मुले. काका भलत्या वेळी निघाले तर कोणीतरी ‘कुठे निघालात?’ विचारतेच. पुनर्विकासात ही व्यवस्था जाते. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. जागा तिप्पट झाली, स्वच्छतागृह घरात आले, हे मोठेच सुख. पण सारखेच मजले, सारखीच दारे आणि लिफ्टच्या बटणांची रांग हे स्मृतिभ्रंश असलेल्यासाठी कोडे असते. जुन्या दारावरची पाटी नव्या दाराला लावणे, दाराला ठळक रंग देणे, दाराच्या बाजूला त्या व्यक्तीचाच तरुणपणीचा फोटो टांगणे (आरशातला म्हातारा ओळखू येत नाही, पण तिशीतला स्वतः ओळखू येतो) हे उपाय सेन्सरच्या आधी करावेत. वॉचमनला विश्वासात घेतले नाही तर दाराचा सेन्सर नुसता वाजत राहतो.

सूचना कोणाच्या फोनवर जाते, या प्रश्नाकडे रचनाकारांचे पुरेसे लक्ष नाही. अ‍ॅप मुलाच्या फोनवर असते आणि मुलगा बीकेसीत मीटिंगमध्ये किंवा लोकलच्या दारात लटकलेला असतो. घरात असतात सेविका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बारा तासांच्या ड्युटीवर येणाऱ्या मावशी. त्यांना अ‍ॅपबद्दल कोणी काही सांगितलेले नसते, आणि इंग्रजी सूचना त्यांच्या उपयोगाची नसते. दोन मिनिटांत जो पोचू शकतो त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत सूचना जायला हवी. पाळी बदलताना रात्रीच्या मावशींना दिवसाची हकीकत कळावी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप पुष्कळ घरांत चालतो, आणि महागड्या केअर-अ‍ॅपपेक्षा चांगला चालतो. काळजी घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसपोर्ट हा ऑनलाइन कार्यक्रम आणला. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्था स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी दिवसभराची केंद्रे चालवतात.

पैशाचा व्यवहार हा मानाचा विषय. पिन आणि ओटीपी आठवेनासे झाले की घरचे फोन आणि पाकीट दोन्ही काढून घेतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये मुलाच्या खात्यातून आईला महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांच्या मर्यादेत स्वतः पैसे देता येतात, किंवा प्रत्येक व्यवहाराला मुलाची मंजुरी ठेवता येते. ही सोय स्मृतिभ्रंशासाठी केलेली नाही, तरी भाजीवाल्याला स्वतः पैसे देण्याचा अधिकार तीमुळे टिकतो.

नैतिक प्रश्न : जर्मनीत ड्यूसेलडोर्फच्या एका वृद्धाश्रमाबाहेर बस न येणारा बसथांबा उभारला आहे, बाहेर पडलेले रहिवासी तिथे बसून शांत होतात. ही दया की फसवणूक, यावर एकमत नाही. जपानचा पारो हा सीलच्या पिल्लासारखा यंत्रमानवही याच वादात सापडतो. एका खोलीच्या घरात कॅमेरा लावला तर टिपली जाते ती सून, मावशी आणि कपडे बदलणारी आजीसुद्धा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात, आणि पुढच्या उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवण्याची तरतूद आहे. पाळत ठेवणाऱ्या साधनांबाबतची इच्छाही निदान झाल्या झाल्या विचारून ठेवावी. पुढे विचारायला उशीर होतो.

रचना करताना केवळ नातेवाइकांना विचारून चालत नाही. त्यांना सुरक्षितता हवी असते आणि बाबांना नाक्यावर जाऊन चहा प्यायचा असतो, त्यामुळे दोघांकडून निघणारी साधनेही वेगळी होतात. साधनाची चाचणी स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या घरात आणि सकाळीच घ्यावी, कारण बऱ्याच जणांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. ज्यांची पहिली भाषा मालवणी किंवा अहिराणी आहे त्यांच्याशी त्याच भाषेत बोलावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा बोधक्षमता चाचणीसंच प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तयार झाला; मराठी त्यात नव्हती.