मेक्सिकोच्या उंची ताटात निश्तमाल कसा परतला

मेक्सिको शहरातल्या नावाजलेल्या रेस्तराँच्या स्वयंपाकघरात एका बाजूला हवा काढून बंद केलेल्या पिशव्या असतात, पाणी ठरावीक अंशावर राखणारे टाके असते, फळे वाळवण्याचे यंत्र असते. दुसऱ्या बाजूला ज्वालामुखीच्या दगडाची चक्की आणि चुन्याच्या पाण्यात रात्रभर मुरणारा मका. पहिली बाजू जगातल्या कुठल्याही महागड्या स्वयंपाकघरात सापडेल. या जेवणाची खरी पार्श्वभूमी दुसऱ्या बाजूला आहे.

चुन्याच्या पाण्यात शिजवून मुरवलेल्या या मक्यालाच निश्तमाल म्हणतात. हा शब्द नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. 'नेश्तली' म्हणजे राख, 'तमाल्ली' म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा. राखेने जे काम होते तेच चुन्याने होते, आणि हा चुना आपल्याकडे विड्याच्या पानाला लावतात तोच. एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण दहा ग्रॅम चुना आणि तीन लिटर पाणी लागते. उकळी फुटण्याच्या बेतात आणायचे, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवायचे, मग आच बंद करून आठ ते बारा तास झाकून ठेवायचे. दाणा बोटांत चोळला की साल निसटली पाहिजे, पण दाणा मोडला तर मध्ये पांढरा, थोडा कच्चा ठिपका दिसला पाहिजे. तो ठिपका नाहीसा झाला तर पीठ चिकट होते आणि तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, फुगत नाही. चुना जास्त पडला तर पिवळसर रंग आणि साबणासारखी चव येते. निळा मका जातीने पिठूळ, लवकर शिजणारा. त्याला आच कमी आणि चुनाही बेताचा, नाहीतर निळ्याचा हिरवट होतो. धुताना एक-दोन पाणी पुरे. साल पार घासून काढली तर तिच्यातला डिंकासारखा अंश जातो आणि पीठ धरून राहत नाही.

मग दळण. पिठाच्या या गोळ्याला तिकडे 'मासा' म्हणतात. मराठी कानाला मासळी आठवेल, पण स्पॅनिशमध्ये तो मळलेला गोळा. चक्कीवर पाण्याची धार बेताची धरावी लागते. दगड तापले की गोळा तिथेच अर्धा शिजतो आणि त्याचा लवचिकपणा जातो. तीस ग्रॅमचा गोळा अंगठ्याने दाबून पाहायचा: कडा फाटल्या तर पाणी कमी, बोटाला चिकटला तर जास्त. तव्यावर, म्हणजे 'कोमाल'वर, पहिली बाजू पंधरा-वीस सेकंद, दुसरी मिनिटभर, मग पुन्हा उलटायची. तेव्हा ती फुलक्यासारखी फुगते. फुगली नाही तर तवा थंड आहे, पीठ जाडसर आहे किंवा गोळा कोरडा आहे.

मक्याची भाकरी थापताना कडा का फाटतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला चुन्याची किंमत लगेच कळेल. चुन्यामुळे सालीतला चिवट भाग विरघळतो, दाणा कॅल्शियम शोषतो आणि मक्यातले बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपने मका उचलला, ही कृती उचलली नाही. अठराव्या शतकात स्पेन आणि उत्तर इटलीतल्या मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाने होणारा रोग पसरला, त्याचे मूळ इथेच.

ही पद्धत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. वसाहतीच्या काळात गहू साहेबाचा आणि मका तिथल्या मूळ रहिवाशांचा अशी वाटणी झाली, ती १८२१ मध्ये स्वातंत्र्य मिळूनही पुसली गेली नाही. १८९९ मध्ये एका राजकारण्याने गहू खाणाऱ्या वंशांना पुढारलेले आणि मका खाणाऱ्यांना मागासलेले ठरवणारे पुस्तक लिहिले. १९१० मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या सरकारी मेजवान्यांची पदार्थपत्रे फ्रेंचमध्ये होती आणि पदार्थही फ्रेंच. उंची जेवण म्हणजे परक्याचे जेवण ही समजूत पुढे कित्येक दशके टिकली.

या काळातला मोठा बदल मात्र मेजवानीच्या टेबलावर झाला नाही, खेड्यात झाला. पाट्या-वरवंट्यासारख्या 'मेताते'वर घरच्या बाईला रोज चार-सहा तास गुडघ्यावर बसून दळावे लागे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव मोटारीच्या चक्क्या आल्या आणि हे तास वाचले. आज मेतातेचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरली जाते, ती विसरू नये. १९४९ मध्ये नुएव्हो लेओन राज्यात पुढची पायरी आली: मका शिजवून, वाळवून, दळून पिशवीत भरलेले तयार पीठ. पाणी घाला आणि थापा.

१९८० च्या दशकात मोठ्या हॉटेलांतून 'नवी मेक्सिकन पाककला' सुरू झाली. कणसावर येणारी काणी ही बुरशी, जिला तिकडे 'ह्वित्लाकोचे' म्हणून चवीने खातात, क्रेपमध्ये गुंडाळून आली. पोब्लानो मिरचीचा मलईदार सॉस आला. भोपळ्याच्या फुलांचे सूप आले. घटक देशी होते, पण सॉस बांधण्याची रीत, लोणी, क्रीम आणि ताट मांडण्याची दृष्टी फ्रेंच राहिली. पहिली पायरी म्हणून ती महत्त्वाची खरी, पण मका अजून दाराबाहेरच होता.

आणि दाराबाहेर त्याची अवस्था बिकट होत होती. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला. मका रास्त भावात विकत घेऊन विकणारी सरकारी यंत्रणा १९९९ मध्ये बंद झाली. २००८ पर्यंत मक्यावरचे उरलेले आयात निर्बंधही उठले. देशात मक्याचे ६४ वंश नोंदले गेले आहेत, त्यांतले ५९ देशी. ते टिकले ते बहुतांशी डोंगरउतारावरच्या लहान तुकड्यांत, जिथे मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरतात. या शेताला 'मिल्पा' म्हणतात.

२००० मध्ये मेक्सिको शहराच्या पोलांको भागात एक रेस्तराँ सुरू झाले आणि पुढच्या पंधरा वर्षांत जगाचे लक्ष मेक्सिको शहराकडे वळले. पण सगळ्या वादांत दाखला दिला जातो तो २०१० च्या एका निर्णयाचा, म्हणून त्यावर थांबायला हवे. मेक्सिकन पाककलेला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता मिळावी असा युनेस्कोकडे केलेला पहिला अर्ज २००५ मध्ये फेटाळला गेला. तो 'मक्याच्या लोकां'विषयी होता, आवाका साऱ्या देशाचा. दुसऱ्या खेपेला मांडणी बदलली: पूर्वापार चालत आलेली, आजही जिवंत असलेली सामुदायिक संस्कृती, आणि नमुना म्हणून एकच राज्य, मिचोआकान. नोव्हेंबर २०१० मध्ये नैरोबीच्या बैठकीत ती मान्य झाली. फ्रेंचांचे समारंभी जेवण त्याच बैठकीत यादीत आले.

मिचोआकानच का, हा पहिला आक्षेप. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या वाटणाचा सॉस, म्हटले की वाहाका आणि प्वेब्ला ही राज्ये आठवतात, मातीत पुरून भाजलेले डुकराचे मांस म्हटले की युकातान. पण पदार्थांची कीर्ती हा निकष नव्हताच. परंपरा जपणारा समुदाय कोण आणि तो ती पुढे कशी नेणार, हे दाखवायचे होते. मिचोआकानात पुरेपेचा या मूळ रहिवासी समाजाच्या खेड्यांतल्या स्वयंपाकिणींचे मेळावे आधीपासून भरत होते, त्यांची घडी बसलेली होती. या निकषाने पाहिले तर निवड योग्यच होती.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मान्यता मिळाली खेड्यातल्या रीतीला, उपयोग झाला शहरातल्या पर्यटनाला आणि रेस्तराँना. हे खरे आहे, आणि याचे मूळ 'पारंपरिक' या शब्दाच्या वाचनात आहे. मान्यतेच्या मजकुराचा भर पदार्थांवर नाही. मिल्पा, चिनाम्पा म्हणजे पाणथळीतले शेतीचे वाफे, निश्तमाल, मेताते आणि हे सारे करू जाणणारी माणसे: पारंपरिक आहे ती ही साखळी. लोकांनी मात्र तो शब्द पदार्थाला चिकटवला. त्यामुळे तीस जिन्नसांचा मोले मांडला आणि सोबत पिशवीतल्या पिठाची तोर्तिया दिली, तरी ताट 'पारंपरिक' ठरते. मजकूर नीट वाचला तर तिथे साखळीचा पहिला दुवाच गळालेला आहे. उलट त्लाश्कालाचा देशी मका चुन्यात मुरवून, दगडावर दळून, त्यावर आजीने कधी न पाहिलेले काही ठेवले, तर ते ताट मजकुराच्या जास्त जवळ जाते.

गुंता इथेच संपत नाही, कारण पिशवीतले पीठही तांत्रिकदृष्ट्या निश्तमालच असते. मका चुन्यात शिजवलेला असतो. फक्त मुरण्याचा वेळ थोडा, नंतर गरम हवेने वाळवणे आणि एकसारखे बारीक दळण. ओल्या गोळ्यातला वास आणि ताण त्यात उरत नाही. म्हणून 'निश्तमालची तोर्तिया' या शब्दांवरून काहीच कळत नाही. विचारायचे ते असे: मका कुठला, मुरला किती तास, आणि गोळा आज सकाळचा का?

आधुनिक तंत्राने चांगले काम केले ते या साखळीच्या आत शिरून. भोपळ्याच्या किंवा पपईच्या फोडी चुन्याच्या निवळीत दोन-तीन तास ठेवून, नीट धुऊन पाकात किंवा भट्टीत शिजवल्या की बाहेर करकरीत आणि आत मऊ होतात, कारण कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला घट्ट बांधते. आज हे नवे तंत्र म्हणून मांडले जाते. मेक्सिकोत मृतांच्या सणाला गुळाच्या पाकातला भोपळा असाच करतात, आणि आपल्याकडे कोहळ्याचा पेठाही चुन्यानेच उभा राहतो. तंत्र जुनेच आहे. नवे काय, तर चुना, तास आणि तापमान मोजून रोज तोच परिणाम मिळवणे.

मोलेचेही तसेच. 'मोल्ली' म्हणजे नाहुआत्लमध्ये वाटण किंवा सॉस. स्पॅनिशमध्ये 'मोलेर' म्हणजे दळणे. दोन्ही शब्द इतके मिसळले की लोक व्युत्पत्ती दळण्यातून सांगतात, पण मूळ नाहुआत्लच. वाहाकाच्या काळ्या मोलेत मिरच्यांच्या बिया मुद्दाम जाळतात आणि कडूपणा काढायला पाण्यातून काढतात. मिरचीचे कातडे मात्र जळू द्यायचे नाही. एक मिरची करपली तरी सगळे पातेले कडू होते. २०१३ मध्ये पोलांकोच्या त्याच रेस्तराँने मोले न संपवता रोज तापवायचा आणि त्यात नव्याची भर घालायची असे ठरवले. ताटात बाहेर जुन्या मोलेचे गडद वर्तुळ, मध्ये ताज्याचे लालसर, शेजारी तोर्तिया. मांस नाही. सॉस हाच पदार्थ. खेड्यात लग्नाचा उरलेला मोले दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतो, हे घरोघरी ठाऊक असलेले ज्ञानच त्यांनी लांबवत नेले. यात धोका तळाशी असतो: ढवळणे चुकले, तळ लागला की शेकडो दिवसांची चव एका सकाळी जाते.

मे २०२४ मध्ये मिशलिन या टायर कंपनीच्या जगप्रसिद्ध रेस्तराँ-मार्गदर्शिकेची पहिली मेक्सिको आवृत्ती आली. दोन रेस्तराँना दोन तारे, सोळांना एक. त्या सोळांत मेक्सिको शहरातली टाकोची एक छोटी टपरीही होती, जिथे उभ्यानेच खायचे. वाहाका यादीत होते. मिचोआकानकडे परीक्षक फिरकलेच नाहीत, कारण पहिली आवृत्ती ठरावीक राज्यांपुरती होती. ज्या राज्याच्या नावावर २०१० ची मान्यता उभी आहे ते असे बाहेर राहिले, याची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्तीने जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर बंदी आली. आयात पिवळा मका, जो मुख्यतः जनावरांच्या खाद्यात जातो, येतच आहे. रेस्तराँना लागणारा निळा, लाल, पांढरा देशी मका अजूनही त्याच डोंगरउतारावरून येतो. तिथला शेतकरी आधी घरच्यापुरते ठेवतो, मग बियाणे, आणि उरले तर विकतो. पाऊस ओढ देतो त्या वर्षी उरतच नाही.