आखाजीची बांगडी आणि काखेतला सांडम

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशी बांगड्या भरायला बसली. उजव्या हातात नेहमीच्या मापाच्या सरसर गेल्या, डाव्यात अंगठ्यापाशीच अडकल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी काळा दोरा आणला. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या होत्या, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या शेतात, पाणी आणायला चारी असते, तसं जास्तीचं पाणी बाहेर काढायला सांडमही असतो. हातातही तसंच आहे. रक्त केशवाहिन्यांतून जाताना थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं पेशींच्या फटींत झिरपतात. या झिरपलेल्या द्रवाला लसिका (लिम्फ) म्हणतात. ही प्रथिनं परत नेण्याचं काम लसिकावाहिन्यांचं. त्यांना हृदयासारखा पंप नाही. वाहिनीचे छोटे छोटे तुकडे, दोन झडपांमधला एकेक, मिनिटाला काही वेळा आपणहून आकुंचन पावतात आणि द्रव पुढच्या तुकड्यात ढकलतात. हाताची बहुतेक लसिका काखेतल्या वीस-तीस गाठींतून (लिम्फ नोड्समधून) जाते.

गाठी काढल्या की सांडम बुजतो. वाहिन्या जास्त जोर लावतात, थकतात, झडपा सैल पडतात. म्हणून सूज कधी महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी दिसते. अडकलेली प्रथिनं पाणी धरून ठेवतात, पुढे तिथे तंतू आणि चरबी साठते, हात घट्ट होतो. लघवीच्या गोळीने पाणी कमी झालं तरी प्रथिनं तिथेच राहतात. म्हणून या सुजेवर ती गोळी चालत नाही.

काखेतल्या गाठी सरसकट काढल्या तर साधारण पाचातल्या एकीला हे होतं. रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून स्तनातली लसिका जिथे आधी पोचते त्या फक्त पहिल्या एक-दोन गाठी शोधून तपासल्या, तर शंभरात पाच-सहा जणींना. काखेला रेडिएशन, लठ्ठपणा आणि हाताचा जंतुसंसर्ग यांनी धोका वाढतो. ऑपरेशनआधीच सर्जनला विचारा, गाठी किती काढणार?

‘त्या हाताने काही उचलू नको’ हा सल्ला मात्र जुना झाला. हळूहळू वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढत नाही, हे 2009 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत दिसलं. तेल लावून जोरात रगडणं मात्र नको. लसिकेची मालीश हलक्या हाताची असते, तीही शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून. सोबत मापाची दाबपट्टी.

मावशी आता दर महिन्याला शिवणकामाच्या टेपने दोन्ही हात मोजते आणि बोंडांची टोकं बोचू नयेत म्हणून हातमोजा घालून कापूस वेचते. बायका हसतात. ‘हसा’, म्हणते, आणि पुढच्या सरीत जाते.