आरएनए सापडला म्हणजे जनुक सुरू झाले, असे नव्हे

डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन, हे शाळेत झालेले आहे. पुन्हा उगाळत नाही. घोटाळा पुढचा आहे. दोन दिवसांच्या मानवी भ्रूणात एखाद्या जनुकाचा आरएनए सापडतो आणि लगेच लिहिले जाते, 'हे जनुक भ्रूणात सक्रिय आहे.' अहो, पण तो आरएनए बनवला कोणी?

बहुतेकदा अंडपेशीने, तोही फलनाच्या आधीच. अंडपेशी वाढता वाढता आरएनएचा भरपूर साठा करते आणि वाढ पुरी होत आली की नवा बनवणे जवळजवळ थांबवते. फलनानंतरची पहिली विभाजने आईच्या या शिदोरीवर निभतात. 1988 साली हे प्रयोगाने दाखवले गेले. अल्फा-अमॅनिटिन हे अळंबीतले विष नवा आरएनए बनू देत नाही. तरीही मानवी भ्रूण चार पेशींपर्यंत बिनघोर विभागला. त्याची स्वतःची जनुके जोमाने कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर, साधारण तिसऱ्या दिवशी. एकपेशीय अवस्थेतही थोडी चुळबुळ असते, असे 2022 मध्ये दिसले. मोठी लाट मात्र चार ते आठ पेशींचीच. (उंदरात ती दोन पेशींनाच येते. उंदराचे आकडे माणसाला चिकटवू नका, एवढेच.)

याची उलटी चूक मला जास्त खटकते. आरएनए कमी झाला की 'जनुक बंद पडले'. बंद पडायला ते सुरू कधी होते? भ्रूण आईचा साठा मोडीत काढत असतो, म्हणून आकडा उतरतो. शिवाय साठ्यातला आरएनए कित्येकदा नुसता पडून असतो, त्याचे प्रथिन बनतच नाही.

मग ओळखायचे कसे? आरएनएवर तारीख छापलेली नसते. इंट्रॉन (आरएनए पक्का होताना छाटून टाकला जाणारा तुकडा) अजून न छाटलेला कच्चा आरएनए वाढला तर तो ताजा, हा एक पुरावा. माझा भरवसा मात्र वडिलांच्या खुणेवर. एखाद्या जनुकातले वडिलांकडून आलेले डीएनएचे एखादे अक्षर आईच्या दोन्ही प्रतींत नसेल आणि आरएनएत ते दिसले, तर तो अंडपेशीतून आलेला असूच शकत नाही. शुक्राणूही किंचित आरएनए आणतो, पण अंडपेशीच्या साठ्यापुढे तो नगण्य. अशी खूण हाती येईपर्यंत 'सक्रिय' लिहू नका. 'आढळला' लिहा.