अर्धा फोटो दिसतो, मग अर्धी पीडीएफ का दिसत नाही?

ठाणे स्टेशनजवळच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं : "काका, तुम्ही मेल केलेली फाइल ओपन होत नाहीये." काकांचं उत्तरही ठरलेलं, "माझ्या मोबाइलवर तर होते!" दोघंही खरं बोलत असतात. मग तीच फाइल पुन्हा पाठवली जाते आणि पुन्हा उघडत नाही. खरं तर फाइल कशी उघडत नाही, हे नीट पाहिलं तर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं.

ईमेलची व्यवस्था मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी बांधलेली आहे. १९८२ साली ईमेल पोचवण्यासाठी एसएमटीपी हा नियमसंच ठरला, तेव्हा फोटो किंवा हिशेबाचे तक्ते मेलने पाठवायची सोय त्यात नव्हती. ती आणली नॅथानिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी, १९९२ साली, 'माइम' या नावाने. युक्ती साधी पण फार हुशारीची होती. फाइलचे तीन-तीन बाइट (बाइट म्हणजे संगणकातल्या माहितीचं छोटं एकक) घ्यायचे आणि ठरलेल्या ६४ चिन्हांतून त्यांची चार अक्षरं करायची. तुम्ही पाठवलेला फोटो आजही बहुतेकदा असा लांबलचक मजकूर होऊन जातो आणि पलीकडे पुन्हा फोटो होतो. तीनाचे चार होत असल्यामुळे २० एमबीची फाइल वाटेत २७ एमबीच्या आसपास भरते आणि जिथे २५ एमबीची मर्यादा आहे तिथे अडकते.

डाउनलोड सुरू असताना लिफ्टमध्ये शिरलात, नेटवर्क गेलं आणि फाइल अर्धवट उतरली, असं समजा. जेपीजी फोटो असेल तर वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि खाली राखाडी पट्टा येतो, कारण साध्या जेपीजीत चित्राची माहिती वरून खाली, ओळीने भरलेली असते. पीडीएफचं तसं नाही. कुठलं पान, कुठलं चित्र, कुठला फॉन्ट कितव्या बाइटपासून सुरू होतो, याची यादी बहुतेक पीडीएफमध्ये शेवटी असते. वाचणारं सॉफ्टवेअर आधी शेपटाकडे जातं. शेपूटच आलं नसेल तर पहिली पन्नास पानं जागेवर असूनही ती सापडत नाहीत. काही सॉफ्टवेअर सगळी फाइल चाळून यादी नव्याने बांधतात, काही सरळ 'फाइल खराब आहे' म्हणून थांबतात. त्यामुळे एकच फाइल एका यंत्रावर उघडते आणि दुसऱ्यावर नाही. वर्डची डॉक्स फाइल आतून झिप, म्हणजे अनेक फाइल्स दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं, असते, आणि झिपचीही यादी शेवटीच असते. म्हणून पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा : तुमच्याकडे फाइल किती एमबीची दिसते? आपल्याकडचा आकडा बराच कमी असेल तर पुन्हा डाउनलोड करायचं, एवढंच.

आकडा जुळत असेल तर नावावर संशय घ्यावा. फाइलच्या नावातलं एक्स्टेन्शन, म्हणजे शेवटच्या टिंबापुढची अक्षरं, कुणीही बदलू शकतं, पण आतले बाइट त्याने बदलत नाहीत. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही अक्षरं असतात. झिपच्या सुरुवातीला फिल कॅट्झ या तिच्या कर्त्याची आद्याक्षरं. नोटपॅडमध्ये फाइल उघडली तर पहिल्या ओळीतच हे दिसतं. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवू शकतो. त्याला जेपीजी नाव दिलं म्हणून जुना संगणक तो उघडेलच असं नाही. रूपांतरच करावं लागतं. 'विनमेल डॉट डॅट' नावाचं काही आलं, तर पाठवणाऱ्याच्या आउटलुक या मेल सॉफ्टवेअरने मेल आपल्या खास रिच टेक्स्ट पद्धतीत बांधली आहे. त्यांना एचटीएमएल पद्धत निवडून पुन्हा पाठवायला सांगावं.

लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके किंवा ईएक्सई असेल तर ते कागदपत्र नसून ॲप किंवा प्रोग्राम असतो; ती उघडायच्या खटपटीला लागूच नका. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन एरवी लपवून ठेवतं, ती दिसतील अशी सोय आधी करून घ्या.

मराठी फाइल्सचं दुखणं वेगळं, आणि मला ते जास्त लागतं, कारण सोसायटीच्या सभेची नोटीस वाचता आली नाही की सभासदाचा हक्कच बुडतो. इथे बिघाड दोन प्रकारचे असतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. सभासदांची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) यादी एक्सेलने जुन्या युरोपीय पद्धतीने वाचली, तर दर तीन बाइटांतला पहिला बाइट डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी 'ए' हे अक्षर होऊन बसतो. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रेच्या जागी तर त्याच्या शेजारी जपानी येनचं चिन्हही उगवतं. असा नक्षीदार गोंधळ दिसला तर मजकूर बहुधा शाबूत आहे. सेव्ह न करता फाइल बंद करावी आणि एक्सेलच्या डेटा विभागातून, यूटीएफ-८ निवडून, पुन्हा आत घ्यावी.

दुसऱ्या प्रकारात सगळी साधी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं दिसतात. ती नोटीस युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक अक्षरव्यवस्था, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असते. फाइलमध्ये खरोखर तीच इंग्रजी अक्षरं असतात. त्यांना देवनागरी रूप देणारा फॉन्ट टाइप करणाऱ्याच्या संगणकात राहिलेला असतो. इथे एन्कोडिंग, म्हणजे बाइट अक्षरं म्हणून वाचायची पद्धत, बदलून काही साधत नाही. त्या मूळ संगणकावरूनच फॉन्टसकट पीडीएफ काढून मागवावी, किंवा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा आणि मग जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासून घ्यावेत.