टॉमस सिडनहॅम
टॉमस सिडनहॅम (१६२४–१६८९) : सतराव्या शतकातील थोर इंग्रज वैद्य. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस यांच्या नावावरून ‘इंग्लंडचे हिपॉक्रेटिस’ ही त्यांची ओळख. जन्म डॉर्सेटमधील विनफर्ड ईगल येथे. यादवी युद्धात त्यांचे घराणे राजाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूने उभे राहिले आणि टॉमसही घोडदळात कॅप्टन होते. युद्धापायी ऑक्सफर्डमधील शिक्षणात खंड पडला. १६४८ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली आणि पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात त्यांनी व्यवसाय मांडला.

शरीरातल्या चार द्रवांचा तोल ढळला की माणूस आजारी पडतो, हे तेव्हाचे सर्वमान्य मत. सिडनहॅम यांचे म्हणणे वेगळे होते. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडांच्या जाती ओळखतो तशा रोगांच्याही जाती ओळखता येतात. प्रत्येक रोगाला स्वतःची लक्षणे आणि स्वतःचा क्रम असतो, आणि तो कळायचा तर रोग्याच्या उशाशीच बसायला हवे. १६७६ च्या ‘ऑब्झर्व्हेशनेस मेडिके’ या ग्रंथाचा गाभा हाच आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक त्यांचे स्नेही. सिडनहॅम रोगी तपासायला जात तेव्हा लॉक कधीकधी सोबत असत.

ही नजर किती बारीक होती ते त्यांच्या वर्णनांतून दिसते. गाऊट या सांधे सुजवणाऱ्या दुखण्याने ते स्वतः अनेक वर्षे पिडलेले. १६८३ च्या प्रबंधात ते लिहितात, की माणूस धडधाकट झोपतो आणि पहाटे दोनच्या सुमारास बहुधा पायाच्या अंगठ्यातील कळेने जागा होतो. मग पांघरुणाचा भारही सोसवत नाही, खोलीत कोणी चालले तरी ठणका वाढतो. १६८६ मध्ये त्यांनी मुलांमधील एका विकाराची नोंद केली: हात आवरत नाहीत, पेला सरळ तोंडाशी जात नाही, इकडेतिकडे झोके घेत तो कसाबसा ओठांना लागला की मूल घाईने सगळे पिऊन टाकते. हाच आजचा ‘सिडनहॅम कोरिया’. संधिवाताच्या तापाशी असलेले त्याचे नाते पुढच्या काळात उलगडले.

देवीच्या रोग्याला बंद खोलीत, पेटत्या शेगडीजवळ, पांघरुणांखाली घाम काढत ठेवण्याची तेव्हा रीत होती. सिडनहॅम यांनी ती मोडली. मोकळी हवा, हलके पांघरूण आणि थंड पेय हा त्यांचा उपचार. रोग्याला उपचारानेच मारू नये, एवढे साधे शहाणपण त्या काळात सांगायला धैर्य लागत होते. हिवतापावर सिंकोनाच्या सालीचा वापर रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. अफू, केशर, दालचिनी आणि लवंग मद्यात मुरवून केलेले त्यांचे ‘लॉडनम’ वेदनाशामक म्हणून दीर्घकाळ चालले. त्यातून अनेकांना व्यसन जडले, हेही खरे.

मर्यादा होत्याच. ते रक्तमोक्षण करीत, म्हणजे उपचार म्हणून रोग्याचे रक्त काढत, साथींचे मूळ पृथ्वीच्या पोटातून निघणाऱ्या दूषित वायूंत शोधत, आणि शवविच्छेदन व सूक्ष्मदर्शक यांचे महत्त्व त्यांना पटले नाही. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्यांना व्यवसायाचा परवाना दिला, पण फेलो, म्हणजे पूर्ण सदस्य, केले नाही. परदेशात मात्र लायडनचे नामांकित वैद्यकशिक्षक हेर्मान बुरहाव यांच्यासारख्यांनी त्यांना फार मानले. लंडनमध्येच त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजचा मात्र या वैद्याशी संबंध नाही. ते नाव मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे.