आयईएलटीएसची तारीख घेण्याआधी एवढं वाचा

आयईएलटीएस म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. आमच्या कॉलेज रोडच्या क्लासवर रोज कुणीतरी येऊन विचारतं, "सर, तारीख कधीची मिळेल?" आम्ही उलट विचारतो, "परीक्षा कशासाठी द्यायची?" नेमकं उत्तर फार थोड्यांकडे असतं, आणि फी वाया जाते ती इथेच.

परदेशी विद्यापीठात शिकायला जायचं तर सहसा अ‍ॅकॅडमिक प्रकार लागतो. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेतून पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हवा असेल तर जनरल ट्रेनिंग. तिथे अ‍ॅकॅडमिकचा निकाल चालत नाही. पीटीई या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचंही तसंच, पीआरसाठी पीटीई कोअर वेगळी आहे. ब्रिटनच्या काही व्हिसांना 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' नावाची परीक्षा लागते. पेपर तोच, पण बुकिंग वेगळं. निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे "बारावीनंतर लगेच उरकून टाकू" म्हणणाऱ्या पालकांनी जरा थांबावं.

आता गुणांचं. आयईएलटीएसमध्ये गुणांना बँड म्हणतात. चार विभागांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, 6.25 आली तर 6.5 धरतात. पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका. समजा ऐकण्यात 8, वाचनात 7.5, बोलण्यात 7 आणि लेखनात 5.5 मिळाले. सरासरी झाली 7. विद्यापीठाची अट मात्र 'एकूण 6.5, कुठल्याही विभागात 6 पेक्षा कमी नको' अशी असेल, तर अडलं की घोडं!

मराठी माध्यमातली मुलं बोलण्याला घाबरतात. खरं तर ती परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, समोर परीक्षक बसलेला. आपल्या मराठी वळणाच्या उच्चाराचे गुण कापत नाहीत, शब्द कळले पाहिजेत एवढंच. परीक्षकाने दिलेल्या विषयाच्या कार्डावर 'आवडती जागा' आली तर एक मिनिट विचार करा आणि गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या, संध्याकाळबद्दल सरळ बोला. लंडनचं पाठ केलेलं वर्णन लगेच ओळखू येतं.

आमच्या पाहण्यात घात करतं ते लेखन. तासाभरात दोन उत्तरं, पहिलं किमान 150 शब्दांचं, दुसरं 250. दुसऱ्याला दुप्पट वजन असतं, तरी मुलं पहिल्यातच अर्धा तास घालवतात. शिवाय मराठीत 'ए' आणि 'द'सारखी उपपदं नाहीत, म्हणून इंग्रजी लिहिताना ती हमखास गळतात. आमची लाल शाई सगळ्यात जास्त तिथेच संपते.

फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं. पासपोर्टवर ते असेल तर फॉर्मवर गाळू नका. आणि परीक्षेला मूळ पासपोर्टच न्यायचा, झेरॉक्स किंवा आधार कार्ड चालत नाही.

चाचणी पेपर आमच्याकडे मोफत सोडवता येतो. येताना पासपोर्ट आणि विद्यापीठाच्या अटींची प्रिंट आणा. आधी बसून तीच वाचू, क्लासचं नंतर बघू.